वडीगोद्री फाटा: इकडं विंडोज, तिकडं लिनक्स

जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता वडीगोद्रीला धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो. उजवीकडं वळलात तर पाचोड, पुढं छत्रपती संभाजीनगर. डावीकडं वळलात तर शहागडला गोदावरीचा पूल, पुढं गेवराई, बीड. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, फक्त वळण कुठं घ्यायचं ते फाट्यावर ठरतं. एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स टाकले की बटण दाबल्यावर पडद्यावर असाच फाटा येतो: दोन नावं, वर-खाली जायचे बाण आणि एंटर. काही सेकंद कुणी काहीच दाबलं नाही, तर वरचं नाव आपोआप चालू होतं.

“दोन्हीतलं चांगलं कोणतं?” असं लोक विचारतात. एकच निवडायची सक्ती कुणी केली आहे? दोन्ही ठेवा. सेतू केंद्र चालवणाऱ्यानं, बारावीच्या पोरीनं आणि ग्रामपंचायतीचा जुना पीसी सांभाळणाऱ्यानं तर नक्कीच ठेवा. कसं ते सांगणाऱ्या या गमती.

फाट्यावरचा माणूस परगावचा

ही दोन नावं दाखवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं नाव ग्रब. १९९५ साली एरिक बोलेन यांनी तो लिहिला तो ना विंडोजसाठी, ना लिनक्ससाठी. त्यांना चालू करायची होती हर्ड नावाची तिसरीच सिस्टिम. ती आजही फारशी कुणाच्या घरात नाही, पण तिच्यासाठी लिहिलेला प्रोग्राम जगभरच्या लिनक्स कॉम्प्युटरांत बसला.

एक सूचना लगेच. २०२१ सालच्या २.०६ आवृत्तीपासून ग्रब शेजारच्या सिस्टिमा आपणहून शोधत नाही. तेव्हा लिनक्सचे काही प्रकार टाकल्यावर यादीत विंडोज दिसत नाही आणि माणूस घाबरतो, “गेलं माझं विंडोज!” बहुतेक वेळा ते जागेवरच असतं. सेटिंगच्या एका ओळीत ‘शोध’ असं सांगायचं आणि यादी पुन्हा बनवायची, एवढंच काम.

५१२ बाइटांची जागा, एकच भाडेकरू

जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिला कप्पा फक्त ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ बाइट सिस्टिम चालू करणाऱ्या प्रोग्रामला, ६४ बाइट पार्टिशनच्या नोंदींना आणि शेवटचे २ खूण म्हणून. एका नोंदीला १६ बाइट लागतात, म्हणून नोंदी चारच. “चारच्या वर प्रायमरी पार्टिशन पडत नाही” हे दुकानदाराचं पालुपद इथून आलं.

त्या ४४६ बाइटांत एकच प्रोग्राम राहू शकतो. विंडोज टाकताना ते शेजाऱ्याला न विचारता तिथं स्वतःचा बसवतं, लिनक्स मात्र शेजाऱ्याला यादीत घेऊ शकतं. म्हणून जाणकारांचा नियम: आधी विंडोज, मग लिनक्स. उलटं केलं तर लिनक्स डिस्कवर शाबूत राहतं, पण त्याच्याकडं जायची वाट बुजते.

गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपांत यूईएफआय ही सिस्टिम चालू करायची नवी पद्धत असते, तिथं ही मारामारी संपली. डिस्कवर एक छोटं पार्टिशन असतं, विंडोज टाकलं तर सहसा १०० एमबीचं. त्यात विंडोजचं एक फोल्डर, उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराचं दुसरं. पार्टिशनही चारावर अडत नाहीत, नेहमीच्या मांडणीत १२८ नोंदींची सोय असते.

सकाळी दहा वाजता पहाटेचे साडेचार

दोन सिस्टिमा टाकणाऱ्या भारतातल्या माणसाला हमखास भेटणारी गोष्ट ही. लिनक्समध्ये काम केलं, बंद केलं, विंडोज उघडलं, तर घड्याळ साडेपाच तास मागं! उलट फेरीत कधी साडेपाच तास पुढं. लोक मदरबोर्डवरचा सेल बदलून पाहतात. सेलचा काही दोष नसतो.

मदरबोर्डवरच्या घड्याळात नुसते आकडे असतात, ते कुठल्या देशाचे हे त्यात लिहिलेलं नसतं. आपल्या आधीच्या डॉस या सिस्टिमच्या काळापासून विंडोज ते आकडे स्थानिक वेळ मानतं. लिनक्स ते जागतिक प्रमाणवेळ मानतं आणि आपली वेळ दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवतं. सकाळचे दहा वाजलेत. लिनक्स घड्याळात ४:३० लिहून ठेवतं. विंडोज ते वाचतं आणि पहाटेचे साडेचार दाखवतं. विंडोजनं १० लिहून ठेवले, तर लिनक्स दुपारचे साडेतीन दाखवतं. इंटरनेट लागलं की वेळ सुधारते, पण तोवर जतन केलेल्या फायलींवर चुकीची वेळ पडलेली असते.

हिवाळ्यात लंडनमध्ये बसलेल्या माणसाला ही गंमत दिसतच नाही, कारण तेव्हा तिथली स्थानिक वेळ आणि जागतिक वेळ एकच असते. नेपाळात फरक पावणेसहा तासांचा.

उपाय सोपा आहे. लिनक्सला एका आज्ञेनं सांगायचं की मदरबोर्डवरची वेळ स्थानिक समज. लिनक्स त्यावर इशारा देतं की असं करू नये, उन्हाळी वेळेच्या बदलात घोळ होईल. तो इशारा घड्याळं वर्षातून दोनदा पुढं-मागं करणाऱ्या देशांसाठी योग्य आहे. भारतात बारा महिने एकच वेळ, तेव्हा तुम्ही निर्धास्त राहा.

सातबाऱ्याचं नाव दोघांनाही चालत नाही

जमिनीचा उतारा उतरवून घेतला आणि फाइलला नाव द्यायला गेलात ‘७/१२’. विंडोज म्हणतं नाही, लिनक्सही म्हणतं नाही. तिरकी रेघ दोघांनीही फोल्डरचा रस्ता दाखवायला राखून ठेवली आहे. अपूर्णविरामाचे दोन ठिपके घालून ‘७:१२’ लिहिलंत, तर लिनक्स आनंदानं घेतं आणि विंडोज पुन्हा अडतं. प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण हेही विंडोजला नावात चालत नाहीत. दोन्हीकडं फिरणाऱ्या फाइलला साधं ‘सातबारा’ लिहावं.

‘कॉन’ ही तीन इंग्रजी अक्षरं नाव म्हणून देऊन बघा. विंडोजमध्ये त्या नावाचं फोल्डर बनत नाही, कारण डॉसच्या काळात ते नाव कीबोर्ड-पडद्याला दिलं होतं. लिनक्समध्ये खुशाल बनतं.

लिनक्सला इंग्रजीतला मोठा ‘एस’ आणि छोटा ‘एस’ ही दोन वेगळी अक्षरं. त्यामुळं एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या, फक्त पहिलं अक्षर मोठं-छोटं असलेल्या दोन फायली राहू शकतात. विंडोजसाठी ते एकच नाव. असं फोल्डर विंडोजकडं आणलं की एक फाइल दुसरीवर बसायला बघते. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत, म्हणून मराठीत नाव दिलेल्या फायलींत हे भांडण कधीच होत नाही! मराठीत नाव द्यायला एवढं कारण पुरेसं आहे.

पण लांबी जपा. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट४ पार्टिशनवर फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षर एक बाइट खातं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘वडीगोद्री’ लिहिलं की नऊ चिन्हं, म्हणजे २७ बाइट. ‘ग्रामपंचायत’ अकरा चिन्हं, ३३ बाइट. एकूण ८५ चिन्हांत नाव संपलं पाहिजे. विंडोज मात्र बाइट न मोजता चिन्हं मोजतं आणि २५५ पर्यंत जाऊ देतं. सरकारी आदेशाचं पूर्ण शीर्षक फाइलला दिलेलं असेल, तर विंडोजमध्ये उघडणारी ती फाइल लिनक्सच्या पार्टिशनवर कॉपीच होत नाही, “नाव फार लांब” म्हणून परत येते.

शटडाउन केलं तरी झोपलेलंच

२०१२ च्या विंडोज ८ पासून ‘शटडाउन’ दाबलं की विंडोज पुरतं बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून ते आपला गाभा डिस्कवर जतन करून झोपतं. याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. त्याच वेळी तुम्ही लिनक्स चालू करून डी ड्राइव्ह उघडलात, तर लिनक्स सांगतं की वाच, पण लिहू नकोस. झोपलेल्याच्या घरातलं सामान हलवलं तर तो उठल्यावर हिशेब चुकेल, ही काळजी बरोबरच आहे. कंट्रोल पॅनलमधून फास्ट स्टार्टअप बंद करा, प्रश्न मिटला.

आणखी एक गंमत: ‘रिस्टार्ट’ दाबलं की विंडोज खरंच पूर्ण बंद होऊन पुन्हा चालू होतं. त्यामुळं लिनक्सकडं जायचं असेल तेव्हा शटडाउनपेक्षा रिस्टार्ट बरं.

विंडोजची एनटीएफएस ड्राइव्ह लिनक्सला वाचता-लिहिता येते. २०२१ च्या ५.१५ आवृत्तीपासून त्याची चांगली सोय थेट लिनक्सच्या गाभ्यात आली. विंडोजला मात्र एक्स्ट४ ओळखता येत नाही. लिनक्समध्ये तयार केलेली बाहेरची डिस्क विंडोजला लावली, तर ते विचारतं, “फॉरमॅट मारू का?” तिथं ‘नाही’ म्हणायचं. एका चुकीच्या क्लिकनं डिस्क रिकामी होईल.

लग्नाचं शूटिंग आणि चार जीबीची भिंत

पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेली असेल, तर चार जीबीहून मोठी एक फाइल त्यावर बसत नाही, भले ड्राइव्ह ६४ जीबीची असो. लग्नाच्या व्हिडिओची कॉपी का अडते याचं हे उत्तर. दोन्ही सिस्टिमांत फिरायची पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. ही पद्धत मायक्रोसॉफ्टची, २००६ सालची. २०१९ ला कंपनीनं तिचा तपशील खुला केला आणि त्याच वर्षी ती लिनक्सच्या गाभ्यात आली.

कीबोर्ड दोन्हीकडं एकच

मराठी लिहिणाऱ्यासाठी यात सगळ्यात मोठी सोय ही आहे. इनस्क्रिप्ट मांडणी १९८६ साली सरकारनं प्रमाण केली. ती विंडोजमध्येही आहे, लिनक्समध्येही आहे. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. इंग्रजी ‘के’च्या बटणावर ‘क’, ‘जे’वर ‘र’, ‘एल’वर ‘त’. एकदा बोटांत बसली की सिस्टिम बदलली तरी बोटं चुकत नाहीत. आणि हीच मांडणी तेलुगू, कन्नड, गुजरातीलाही लागू पडते.

फॉन्टची कहाणी वेगळी. विंडोज २००० बरोबर मंगल फॉन्ट आला आणि विंडोजवर युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीतली मराठी दिसू लागली. लिनक्सला रेड हॅटनं २००४ साली लोहित फॉन्ट मोकळे करून दिले, त्यांच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी ते पुढं वाढवले. पण आपल्या तालुक्यातालुक्यांत अर्ज, लग्नपत्रिका, निवेदनं अजून जुन्या फॉन्टांत पडून आहेत. त्या फॉन्टांत मराठी दिसते खरी, पण फायलीत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. त्यांची टाइपिंगची सॉफ्टवेअरं विंडोजसाठीच बनलेली. मग असं काम करणाऱ्यानं विंडोज का सोडावं? त्याला सोडायला सांगणं अन्यायाचं आहे. डिजिटल सहीचं डोंगल, अंगठ्याचं मशीन, हिशेबाचं सॉफ्टवेअर यांचंही तेच. विंडोज ठेवा आणि शेजारी लिनक्सला जागा द्या.

शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात फुकट आहेत. शिकवणारा पडद्यावर करत जातो, आपण शेजारच्या खिडकीत तेच करायचं.

१९९१: काय वर्ष होतं!

हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सची ०.०१ आवृत्ती त्या वर्षी बाहेर काढली. पुण्यात सी-डॅकनं विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० महासंगणक उभा केला तोही १९९१ ला. भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. भारतीय लिप्यांची इस्की ही संकेतप्रणाली त्याच वर्षी भारतीय मानक झाली. आणि युनिकोडची पहिली आवृत्ती? तीही १९९१. आज लिनक्सवर मराठी टाइप होते, त्यातली लिपीची पायाभरणी आणि सिस्टिमची पायाभरणी एकाच वर्षातली.

पुढं या वाटा एकत्रही आल्या. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले पहिले ५०० महासंगणक सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. सी-डॅकचा परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० ला त्या यादीत ६३ वा होता. खिशातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. म्हणजे घरात विंडोजचा लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन असेल, तर दोन्ही सिस्टिमा तुमच्याकडं आधीपासूनच नांदत आहेत.

२५ ऑगस्ट, दोनदा

लिनसनं आपल्या नव्या सिस्टिमची पहिली खबर जगाला दिली २५ ऑगस्ट १९९१ ला. त्याच तारखेला अकरा वर्षं आधी, २५ ऑगस्ट १९८० ला, मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं होतं की आपण छोट्या कॉम्प्युटरांसाठी युनिक्स आणणार. नाव झेनिक्स. लिनक्स युनिक्सच्याच वळणाचं, तेव्हा विंडोज बनवणारी कंपनी विंडोजच्या आधी या घराण्यात राहून आली होती!

मधल्या काळात वैर झालं. २००१ साली मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सची तुलना कर्करोगाशी केली. २००९ ला त्याच कंपनीनं लिनक्सच्या गाभ्यासाठी सुमारे २०,००० ओळी लिहून दिल्या. २०१४ ला हैदराबादचे सत्या नाडेला प्रमुख झाले आणि त्याच वर्षी व्यासपीठावरून लिनक्सवरचं प्रेम जाहीर केलं. २०१६ ला विंडोज १० च्या आतच लिनक्स चालवायची सोय आली, डब्ल्यूएसएल. २०१९ ला जाहीर झालेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीत खराखुरा लिनक्सचा गाभा घातला. आता विंडोजमध्ये एक ओळ टाइप करून लिनक्स उतरवता येतं, पार्टिशन पाडायची गरज नाही. कॉलेजात प्रोग्रामिंग शिकणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी, असं माझं मत.

उलट दिशेची वाट वाइनची. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं हे सॉफ्टवेअर १९९३ ला सुरू झालं आणि १.० आवृत्ती निघाली २००८ ला. पंधरा वर्षं! त्यावरच आधारलेलं प्रोटॉन २०१८ ला आलं आणि विंडोजचे बरेच गेम लिनक्सवर सहज खेळता येऊ लागले.

फुकट सीडी पोस्टानं

२००५ पासून काही वर्षं उबुंटूवाले मागेल त्याला जगभर सीडी पाठवायचे, टपालखर्चही त्यांचाच. २०११ ला ती योजना थांबली. त्याआधी ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी यायच्या. आता पेनड्राइव्ह पुरते. आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स चढवा, लॅपटॉपला लावा, चालू करताना एचपीवर एफ९, डेलवर एफ१२ दाबा. डिस्कला हात न लावता लिनक्स चालू होतं. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, हे बघून मग ठरवा. विंडोज चालू होत नसेल तेव्हा याच पेनड्राइव्हवरून आतले फोटो वाचवता येतात, फक्त डिस्क कुलूपबंद नसावी.

सरकारी पातळीवरही हा प्रयोग झालेला आहे. २०१३ ला उत्तर प्रदेश सरकारनं बारावी झालेल्या मुलांना वाटलेल्या लॅपटॉपांत विंडोज ७ आणि उबुंटू दोन्ही होते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचे अनेक लॅपटॉप तर त्याच वर्षी विंडोज एक्सपीवरून डेबियन लिनक्सवर नेले गेले.

जुन्या पीसीला नवं काम

विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. गावातल्या कित्येक चालत्या-बोलत्या कॉम्प्युटरांना हे जमणार नाही. ते भंगारात का घालायचे? लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती दोन जीबी रॅमवर चालते. इंटरनेट लिनक्समधून वापरा, जुन्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज ठेवा आणि ते शक्यतो नेटला जोडू नका. एकाच डब्यात दोन्ही असण्याचा याहून थेट फायदा मला तरी दिसत नाही.

लाइट जाण्याआधी

पार्टिशन छोटं-मोठं करताना लाइट गेली, तर डिस्कवरचा मजकूर जाऊ शकतो. पीसीला इन्व्हर्टर किंवा यूपीएस असल्याशिवाय हे काम काढू नका. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरा आणि चार्जर लावलेलाच ठेवा. विंडोजची जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करा. त्याआधी सातबारे, फोटो, मुलांचे दाखले दुसऱ्या डिस्कवर घ्या.

नव्या लॅपटॉपांत बिटलॉकरचं कुलूप अनेकदा मालकाला न कळता लागलेलं असतं. चालू होण्याचा क्रम बदलला की विंडोज ४८ आकडी किल्ली मागतं. ती आधीच मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहा.

आणि लिनक्सची पेनड्राइव्ह सांभाळून ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-अद्यतनानंतर दोन्ही सिस्टिमा असलेल्या अनेक कॉम्प्युटरांवर लिनक्स उठेना, पडद्यावर सुरक्षा-धोरण मोडल्याचा संदेश यायचा. सिक्युअर बूट ही चालू होतानाची सुरक्षा-तपासणी थोडा वेळ बंद करून, लिनक्समध्ये जाऊन एक आज्ञा दिली की वाट मोकळी व्हायची. मायक्रोसॉफ्टचा पक्का इलाज मे २०२५ ला आला.